भुसावळ बंदराची सुरमई

"हे काय झालंय?" फर्नांडिसबाईंनी उघडलेलं पुडकं माझ्या नाकासमोर धरलं.

मी पाहिलं. सुरमईच्या तुकड्या होत्या. कडा पांढरट, कोरड्या, पिंजलेल्या कापसासारख्या झालेल्या. मी विचारलं, "बाई, मासा असाच असतो ना?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हेच पुडकं डोक्यात घालतात.

माझी काय चूक होती? मी रावेरकडचा, केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात अंडं कधी उंबरठा ओलांडून आलं नाही. आणि नोकरी कुठली, तर भुसावळच्या एका बर्फ कारखान्यात कोल्ड रूमचा फोरमन. आई शेजारणींना सांगायची, "आमचा वामन बर्फात आहे." बर्फाच्या पलीकडच्या खोलीत काय असतं, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेलो नाही.

त्या खोलीत खण होते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या शेठनी कारखान्यामागे जाड बुचाच्या भिंतींची एक खोली बांधली, तिच्यात अमोनियाच्या नळ्या फिरवल्या आणि पाणी गोठतं त्याच्याही पुष्कळ खाली पारा नेऊन ठेवला. आत कुलपाचे लाकडी खण. रेल्वेचे साहेब, ड्रायव्हर, गार्ड हे खण भाड्यानं घ्यायचे. घरच्या बर्फाच्या पेटीत मटण दोन दिवस टिकलं तर नशीब. आमच्याकडे ते महिनोन्‌महिने राहायचं. दगडासारखं घट्ट व्हायचं, पण राहायचं.

फर्नांडिस गार्डसाहेबांचा खण सुरमईनं भरलेला होता, त्याला कारण होतं. त्यांच्या मुलीचं, लिनाचं लग्न ठरलं होतं. मुलगा वसईचा, बोटीवर नोकरीला. त्याला रजा मिळाली ती नेमकी भर पावसाळ्यात. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, ताजी सुरमई कुठून आणणार? त्यात मुलाची आई बोलणी करताना सगळ्यांसमोर म्हणून गेली, "भुसावळला लग्न म्हणजे पानात वांग्याचं भरीत!"

गार्डसाहेब उखडले. "सुरमईच वाढीन!" म्हणाले. मे महिन्यातच मुंबईहून मेलनं बर्फाच्या पेट्या आल्या. बाईंनी आणि त्यांच्या जावांनी मासे साफ केले, तुकड्या पाडल्या. आमच्या बायकांनी मेणकागदात पुडकी बांधली आणि खणात रचली. (भरिताबद्दल ती बाई जे बोलली ते मलाही लागलं होतं. आमच्याकडचं भरीत खाऊन मग बोलावं माणसानं. पण ते असो.)

आणि आता, लग्न जेमतेम महिन्यावर आलेलं असताना, बाई सहज एक पुडकं तळून बघायला न्यायला आल्या, तर हा प्रकार.

"चव गेली याची," बाई म्हणाल्या. "हे तळलं तर लाकूड लागेल. माझ्या लिनाला सासरी जन्मभर ऐकावं लागेल हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. लिना लहानपणापासून कारखान्यात बर्फ न्यायला यायची, आम्हा सगळ्यांच्या माहितीतली पोर.

शेठ धावत आले. "वामनराव, मशीन बघा आधी!"

मशीन बघितलं. कॉम्प्रेसर ठीक. पारा जिथल्या तिथे. दाराचं रबर ठीक. मेकॅनिकनं नळ्यांवर कान ठेवून ठेवून स्वतःचा कान लाल करून घेतला. कुठेच काही नाही.

"मग मासाच खराब आला असेल," शेठ म्हणाले.

"मासा मी निवडलाय," बाई म्हणाल्या.

मासा सडला नव्हता, वाळला होता. थंडीत वस्तू वाळते हे लोकांना पटत नाही. पण गोठवणाऱ्या थंडीतली हवा कोरडी असते. मासा किंवा मटण तिला उघडं सापडलं, की ती त्यातलं पाणी हळूहळू पिऊन टाकते, आणि राहतो तो भुसा. म्हणून तर मेणकागद. त्यातून हवा जात नाही. मग ही शिरली कुठून?

बाईंनी खणातून दुसरं पुडकं काढलं, उलटंपालटं केलं आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे तोंड उघडं का?"

"कुठे उघडंय?"

"हे काय!"

तिथे दोन बोटं जातील एवढी फट होती. कागद नीट दुमडून, सुतळी बेतानं वळवून, मुद्दाम ठेवलेली. तिसरं पुडकं काढलं, त्यालाही तशीच. चौथ्यालाही. आणि खरं सांगतो, ती पुडकी मी रोज बघत होतो. मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. पुडकं असंच असतं, असं मी जन्मापासून बघत आलो होतो.

"सरूअक्काला बोलवा," मी म्हणालो.

सरूअक्का आमच्या पॅकिंगच्या बायकांची मुकादम. कारखान्यात येण्याआधी तिची उमर सगळी केळीच्या करंड्या भरण्यात गेलेली. आमच्या गावाकडून केळी रेल्वेनं दिल्लीपर्यंत जायची, ती वाळक्या पानांत बांधून. अक्कानं बांधलेली करंडी म्हणजे एक डाग नसायचा. इथे मासा बांधताना ती नाकाला पदर लावायची, तोंड दुसरीकडे फिरवायची, घरी जाण्याआधी डोक्यावरून अंघोळ करायची. पण गाठ अशी मारायची की बघत राहावं.

"अक्का, ही फट कशापायी?"

अक्काला प्रश्नच कळला नाही. "भाऊ, तुमी केयीवाल्याचे पोर ना? हवा नको का त्याले? बंद केलं तं मधी गुदमरते. कायं पडते."

आमच्या बोलीत केळ म्हणजे केय आणि काळं म्हणजे कायं. बाईंना तेवढंही समजलं नाही, त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"अगं अक्का, तो मासा आहे. मेलाय तो!"

"मेला म्हनून काय त्याचा जीव घोटाचा?"

शेठ मोठ्यांदा हसले. मग बाई हसल्या, डोळे पुसत पुसत. मीही हसलो, पण अक्काचं म्हणणं मला कळत होतं. केळं झाडावरून उतरवलं तरी जिवंत असतं. त्याला वारा लागतो, नाहीतर ते आतल्या आत उबून जातं. अक्कानं त्याच मायेनं सुरमईला वारा ठेवला होता.

पुडकी फोडली. खालच्या थरातली बरीचशी वाचली होती, कारण एकावर एक दाबून रचल्यानं त्यांच्या फटी बुजल्या होत्या. वरची गेली होती. बाईंनी स्वतः निवडून दोन ढीग केले. "या तुकड्या आम्ही घरी खाऊ. व्याह्यांच्या पानात या."

आता सगळं नव्यानं बांधायचं. मी अक्काला बजावलं, फट ठेवायची नाही. तिनं मान डोलावली, एक पुडकं बांधलं आणि त्याला फट ठेवली. "ओ माय," तीच म्हणाली. दुसरं बांधलं, पुन्हा फट. बाकीच्या बायकांचंही तेच. सांगून डोक्याला समजत होतं, बोटांना समजत नव्हतं.

मी वैतागलो. बाहेर ऊन खात बसलो. अक्का जेवायला बसली होती. तिनं फडक्यातून भाकरी काढली आणि तिच्यावर लोणच्याची फोड ठेवली. माझं डोकं एकदम ठिकाणावर आलं.

"अक्का, लोणच्याच्या बरणीला फट ठेवतेस का गं?"

"काही तरीच! बुरा येईन ना."

"मग काय करतेस?"

"दाबून भरते. मधी वारा ठेवत नाही. वरून तेल, आन मंग तोंडाले फडक्याचा दादरा गच्च."

"मग ही केळी नाहीत अक्का. हे लोणचं समज."

अक्कानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग असं सांगा ना, भाऊ! पन तेल कुठी हाये?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर माझ्याजवळ होतं. गोठलेली तुकडी बर्फगार पाण्यात बुडवून काढली, की तिच्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा चढतो. पुन्हा बुडवली की आणखी जाड होतो. काचेत बसवल्यासारखी तुकडी दिसते, हवा तिला शिवत नाही. धंद्यात ही युक्ती जुनी आहे, मुंबईला शिकताना मी नाक दाबून, लांबूनच पाहिली होती. ते झालं आमचं तेल.

मग काय विचारता! घोंगड्या पांघरलेल्या बायका आत जायच्या, कुडकुडत तुकड्या बुडवायच्या, बाहेर येऊन हात चोळायच्या. अक्का मेणकागद असा दाबायची की आतली हवा फुस्स करून बाहेर यायची. ती फुस्स ऐकली की सगळ्या खिदळायच्या. "घोटला जीव!" एखादी ओरडायची. एकाही पुडक्याला फट राहिली नाही.

लग्नाच्या आठवड्यात बाईंनी एक पुडकं घरी नेलं. गार्डसाहेब ड्यूटीवर जाण्याआधी ते खाऊन बघणार होते. त्यांची गाडी आमच्या कारखान्याच्या मागून जायची. ठरलं असं की चव चांगली असेल तर हिरवा बावटा, नाहीतर लाल.

आम्ही सगळे कुंपणाशी उभे. शेठसुद्धा. गाडी आली, डबे जाता जाता संपेनात. शेवटच्या डब्यात गार्डसाहेब दिसले. हातात हिरवा बावटा.

"स्टेशन सोडताना गार्ड हिरवाच दाखवतो," शेठ पुटपुटले.

पण गार्डसाहेब बावटा नुसता दाखवत नव्हते. डोक्यावरून गरगर फिरवत होते, आणि दुसऱ्या हातानं पोट थोपटत होते. अक्कानं कुंपणाची तार धरून "जमलं वो माय!" अशी आरोळी ठोकली. मला इतका आनंद झाला की मी शेठना मिठी मारली. त्यांनी ती चालवून घेतली.

लग्नात मी सरबत पिऊन एका कोपऱ्यात उभा होतो. मुलाच्या आईनं सुरमईचा घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. "अहो फर्नांडिस, या दिवसांत? कुठल्या बंदराची?"

"भुसावळ बंदराची," गार्डसाहेब म्हणाले.

विहीणबाईंनी पान स्वच्छ केलं. मग जराशा लाजत विचारलं, "पण ते भरीत नाही का केलं? मी इतकं ऐकून होते." गार्डसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तेव्हापासून कोल्ड रूमला नवीन माल आला, की मी बांधणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, हा श्वास घेतो का? लोक हसतात. हसू देत. पुढे नोकरीभर माझ्याकडे एक तुकडा वाळला नाही.

लिना सासरी निघाली तेव्हा स्टेशनला जाताना टांगा कारखान्याच्या दारात थांबवून उतरली. पांढरा झगा चिखलातून सावरत ती अक्काच्या पाया पडली. अक्का डोळे पुसत आत गेली आणि वाळक्या पानांत बांधलेलं एक पुडकं घेऊन आली. आमच्या गावची केळी होती.

"वसईपावतर टिकीन हे," तिनं लिनाच्या हातात ते ठेवलं आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं. "याले फट ठेवली हाये, बाई. हे जितं हाये."