घटाची माती

अंबडला आमच्या कॉलनीमागे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा कारखाना होता. तो बंद पडला, पण शिसं आमच्या अंगणांतल्या मातीत उतरलेलं निघालं. ती माती काढून नवी टाकायचं काम सुरू झालं आणि ठेकेदाराचा सुपरवायझर रोज दिसू लागला.

इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन. कुणी काही विचारलं की आधी हसायचा, मग म्हणायचा, "टेन्शन नाय घ्यायचं काका, माती एकदम मळ्यातली आहे." आमच्याकडे चहा त्याने कधी घेतला नाही. पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणायचा. मला मात्र नवी माती जुनीसारखीच काळपट दिसायची.

घटस्थापनेच्या सकाळी त्याच्या स्कूटरवर मातीची पिशवी दिसली.

"ही कुठली हो?"

"चांदवडची. घरी घट बसवायचाय. घटाला गावाकडचीच लागते, काका."

असेलही. आमच्या हिने मात्र त्यानेच टाकलेली अंगणातली माती घटाला घेतली होती.

दसऱ्याला तो जेसीबीची पूजा करायला आला. आमच्या घटातलं धान वीतभर वाढलं होतं. रीतीप्रमाणे त्यातला तुरा मी त्याच्या कानावर खोचायला गेलो. मुळांना थोडी माती होती. त्याने तो हातातच घेतला, कपाळाला लावला, रुमालात नीट गुंडाळला. "घरी देवापुढे ठेवतो," म्हणाला.

मग स्कूटरपाशी गेला, आपली बाटली काढली आणि बोट न् बोट चोळून हात धुतले.