ऑफिसातला समुद्र

दादरच्या आमच्या ऑफिसात कुठल्या वेबसाइट उघडतील आणि कुठल्या नाहीत, हे आमचा कॉम्प्युटर सांभाळणारा पोरगा ठरवतो. सिस्टीममधले साइटचे तयार वर्ग त्याला पटत नाहीत, म्हणून स्वतःचे बनवतो. ‘टाइमपास’ कायम बंद, ‘लग्न जमवणे’ फक्त जेवणाच्या सुट्टीत चालू.

मध्यंतरी साहेबांनी कामाचं सोडून सगळं बंद करायला लावलं. तरी वारा आणि भरती दाखवणारी एक साइट उघडत राहिली.

“ही कुठल्या वर्गात टाकलीस रे?” मी विचारलं.

“‘घरचे’ म्हणून वेगळा केलाय,” तो नजर न हलवता म्हणाला. “बापूस बोटीवर असतो.”

तेव्हापासून दुपारी मीही ती उघडून बसतो. निळ्या पाण्यावर वाऱ्याचे बाण सावकाश सरकतात, डोळे जडावतात.

काल वारा चढला, बाण लाल झाले. मी मान वर केली, तर सगळ्या टेबलांवर समुद्र होता. साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा.