निरर्थक हालचाल

परवा शेजारणीने शेतातून आणलेलं कापसाचं बोंड मी सोलायला घेतलं आणि सुक्या टरफलाचं टोक माझ्या बोटात घुसलं. त्यासरशी नंदुरबारकडच्या दवाखान्यातली, साठ-बासष्ट सालची ती खाट आठवली.

मी पुण्याहून मनोरुग्णांची शुश्रूषा शिकवायला आलेली नवी सिस्टर. खाटेवर तापीकाठची एक बाई, महिनाभर गप्प. तिची बोटं घोंगडीवरून काहीतरी चिमटीत उचलत आणि कमरेशी नेत. मी विद्यार्थिनींना सांगितलं, "हातांची निरर्थक हालचाल. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहिलं. लोणखेड्याची एक मुलगी मात्र बघतच राहिली.

"सिस्टर, ती कापूस येची ऱ्हायनी," ती म्हणाली. "देखा, ओटीमा टाकस."

खरंच, कापूस वेचताना उघडावी तशी बाईची मूठ दर वेळी लुगड्याच्या ओटीतच उघडत होती. मला ते दिसलं, आणि वर्गासमोर दिसलं याचाच राग आला.

"पुस्तकात आहे ते लिही," मी म्हणाले.

तिने मान खाली घालून लिहिलं. माझ्या अहवालातही तेच गेलं, आणि आठवड्याभरात बाईला वेड्यांच्या इस्पितळात हलवलं. परीक्षेत मी तोच प्रश्न घातला. त्या मुलीने 'निरर्थक हालचाल' असंच लिहिलं, आणि मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.