नंदाच्या नावाचं कडवं

हे माझ्या पोटातलं आजवर ओठावर आलं नाही. बहिणीला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तरी हे सोडून बाकीचं सगळं बोलत आले. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी हळदीच्या गाण्यांचं सांगते. धाड हे आमचं बाजाराचं गाव. त्याच्या आसपासच्या आमच्या गावांत हळद लागली की बाया नावं घालून गाणी म्हणतात. विहिणीचं नाव, जावेचं, नवरदेवाच्या आत्याचं — जिला तिला चार शब्द ऐकवायचे. आणि गाण्यातल्या बोलण्याचा राग धरायचा नाही, असा रिवाज. यात माझा हात धरणारी कुणी नव्हती. सगळ्यांत मागणी असायची बदला घेणाऱ्या बाईच्या गाण्याला. नवऱ्यानं मारलं की ती पिठल्यात मिरच्या कुटून घालते, सासू बोलली की तिची पानतंबाखूची चंची लपवते. बाया हसून हसून लोळायच्या. का नाही लोळणार? घरी गेल्यावर त्यांतली एकही तोंड उघडणार नव्हती.

मी तरी कुठे उघडत होते? माझा नवरा मारायचा. गावाला माहीत होतं — आणि मिरच्यावाली बाई गायची मीच! घरी पिठल्यात मीठ जास्त पडलं तर तो जेवायला बसायच्या आत मी ते ओतून दुसरं करायचे.

नंदा आमची शेजारीण, भिंतीला भिंत. मार तिला ऐकू जायचा. एकदा मीच तिचे पाय धरले — धाडला दुकानात कामाला असलेल्या माझ्या भावाला भेट, मला घेऊन जा म्हणावं. मला एकटीला गावाबाहेर पडायची सोय नव्हती. ती ब्लाउज शिवायची, अस्तर-दोरा आणायच्या निमित्तानं जाऊ शकायची. बाजाराच्या दिवशी जीपनं गेली. एकदा नाही, तीन बाजार. तिसऱ्यांदा आली आणि माझ्या चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "कमल, तुहा भाऊ नाही म्हणते वं. म्हणते, तिचं घर आता तेच."

मला राग कुणाचा यायला हवा होता? भावाचा. नवऱ्याचा. पण आला नंदाचा. माझं माहेर बंद झालं, हे एकट्या तिला माहीत होतं ना! मला बघितलं की तिच्या डोळ्यांत कीव यायची. मार सोसला हो मी इतकी वर्षं — ती कीव नाही सोसली.

पंधरा दिवसांनी गल्लीत हळद होती. नंदा समोरच बसलेली, हळद कालवून हात पिवळे. गाता गाता माझ्या तोंडून कडवं निघून गेलं — नाही, खोटं बोलतेय. निघून गेलं नाही. दोन दिवस भाकरी थापताना मी ते जुळवत होते.

"नंदाबाई निघाल्या बाजाराले गं,
जीपवाला थांबे कोपऱ्याले गं."

असा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. आणि — हेही सांगून टाकते — फार गोड वाटलं. इतक्या वर्षांचा मार कुणाला तरी परत दिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरी ते म्हणत फिरायला लागल्या. चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं तिला ओट्यावर उभं केलं. "तीन-तीन बाजार काऊन गेली होती, सांग!" गल्ली जमली. मी माझ्या दारात होते. नंदानं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं असतं तर ती सुटली असती — आणि मग माझ्या नवऱ्यानं माझं काय केलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "दोरा आणाले." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्यानं तिला सगळ्यांसमोर मारलं. मी दार लावून घेतलं.

तिचं बाहेर जाणं बंद झालं, शिवणं बंद झालं, मशीनही विकली. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही, पण माझं गुपित कुणाजवळ फोडलंही नाही. पुढे तिला देऊळगाव राजाकडे माहेरी पाठवून दिलं, ती परत आली नाही. कशी आहे, जगते कशावर — विचारू तरी कोणत्या तोंडानं?

माझा नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. खरं बोलायला मला कुणाची भीती उरलेली नाही. आणि तरी — या उन्हाळ्यात एका हळदीत नव्या सुनांनी घेरलं. "कमलकाकू, ते नंदावालं म्हणा नं!" त्यांनी नंदाला कधी पाहिलेलं नाही. क्षणभर वाटलं, निदान नाव तरी बदलावं. पण हशा येतो तो त्या नावावरच.

मी नावासकट म्हटलं.