पेटीजवळचा नळवाला

नळवाल्याचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. ओल एका भिंतीला दिसते आणि गळती असते भलतीकडेच, हे वीस वर्षं पाना फिरवून तो शिकला होता. गिऱ्हाईक काहीही सांगो, आधी वरचा कॉक बंद, मग चौकशी.

त्याची चार दिवसांची मुलगी काचेच्या पेटीत होती. हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी तिची वाट जन्मापासूनच बंद. शस्त्रक्रिया परवा, तोवर बारीक नळीतून औषध चालू. पण ते सुरू झालं तशी पोरीला कणकण आली, अंग लाल झालं, आणि दुपारी तर श्वासच थांबला. सिस्टरने टाचेवर टिचक्या मारून तिला रडवलं.

"या औषधाने होतं असं कधीकधी. लक्ष आहे आमचं."

नळवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. होतं हे माहीत असून देतात? सिस्टर पलीकडच्या पेटीकडे वळताच त्याने नळीवरची छोटी चावी फिरवली.

थोड्याच वेळात नळीत औषध ढकलणारा पंप बोंबलायला लागला. सिस्टर धावत आली. चावी बघून तिचा चेहरा उतरला, पण तिने ती झटक्यात उघडली नाही. आधी नळीत साठलेला दाब बाहेर सोडला, मग औषध पुन्हा चालू केलं.

"एकदम उघडली असती तर लोंढा आत गेला असता, श्वास पुन्हा थांबला असता. काय केलंत हे, दादा?"

"ताप कशाने येतो ते बघत होतो."

"यानेच येतो. प्रोस्टाग्लँडिन आहे हे, आपल्या अंगातही बनतं. ताप आणतं, दुखायला लावतं, बाळंतपणात कळा आणतं, आणि पोटाचं अस्तरही तेच सांभाळतं."

"म्हणजे कुणाच्या बाजूचं आहे ते?"

"सध्या तुमच्या लेकीच्या. पोटातल्या बाळाला हृदयाजवळ एक जादा रक्तवाहिनी असते, जन्मल्यावर ती मिटते. हिचं रक्त फुप्फुसात जातं ते तिच्यातूनच. ती मिटू नये म्हणून हे."

नळवाल्याने हात खिशात घातले.

संध्याकाळी बायको वॉर्डातून हळूहळू चालत आली. पेटीच्या झरोक्यातून हात आत घालून म्हणाली, "अंग गरम लागतंय हो. ते औषध थांबवायला सांगा ना."

"हात लावायचा नाही त्याला."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

मग त्याने दुपारचं सगळं सांगितलं. स्टूल ओढून तिने पेटी आणि नवरा यांच्या मधोमध घेतलं आणि त्यावर बसली.