‘हो’चा अभ्यास

रुग्णालयात तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि घरी सासूबाईही थट्टेनं तीच हाक मारत. चाळिशी उलटल्यावर सिस्टरनं भाषाविज्ञानात पीएच.डी. करायचं काढलं, तेव्हा मैत्रिणींनी कपाळाला हात लावला. पण वॉर्डातली एक गोष्ट तिला बरीच वर्षं खुपत होती. घरी सोडताना डॉक्टर औषधं समजावून सांगत, पेशंट मान डोलावत, आणि त्यांतलेच काही भलत्याच गोळ्या घेऊन पुन्हा दाखल होत. बोलण्यात पाणी कुठं मुरतंय, ते तिला शोधायचं होतं.

पेशंटच्या संमतीनं तिनं ती संभाषणं रेकॉर्ड केली. ड्यूटीवरून आली की हेडफोन लावून शब्दन्‌शब्द उतरवायची, अगदी खोकल्यासकट. तोवर नवरा स्वयंपाक उरकायचा. पण दोन वर्षांनी विद्यापीठातल्या समितीनं मसुदा परत केला. अध्यक्षबाई म्हणाल्या, की हा रुग्णसेवेचा अहवाल झाला, यात भाषा कुठं आहे? सिस्टरला ते झोंबलं. पटलं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

त्या रविवारी ती सासूबाईंना बजावत होती, की ब्लडप्रेशरची गोळी चुकवायची नाही, मीठ कमी खायचं. सासूबाई पेपरात डोकं घालून ‘हो, हो’ करत होत्या. सिस्टर मध्येच थांबली.

“आई, मी आत्ता काय म्हणाले?”

“मला काय ठाऊक? तू एकदाची थांबावीस म्हणून हो म्हणत होते.”

सिस्टर हसत सुटली, आणि त्याच पावली हेडफोनकडे गेली. या खेपेला तिनं पेशंटचे फक्त ‘हो’ ऐकले. एक लांबवलेला, एक डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच आलेला, एक नुसताच भिडेखातर. ‘समजलं ना?’ म्हटलं की जो तो हो म्हणायचा. ‘घरी गेल्यावर काय काय घ्याल, सांगा बघू,’ असं विचारलं की मात्र खरं काय ते बाहेर पडायचं. तिनं सगळा प्रबंध नव्यानं लिहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक ज्येष्ठ होते आणि कडक म्हणून ओळखले जात.

“एवढ्याशा शब्दावर एवढा मोठा प्रबंध?” त्यांनी विचारलं.

“ऐकवू का, सर?” म्हणत तिनं एकामागून एक तीन ‘हो’ ऐकवले, आणि कोणता पेशंट चुकणार हे प्रत्येकाच्या सुरावरून कसं ताडता येतं, ते शांतपणे उलगडून दाखवलं. परीक्षकांनी पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग आणखी एकदा. शेवटी चष्मा काढून ते अध्यक्षबाईंकडे वळले. “मला आणखी काही विचारायचं नाही. काम अव्वल आहे.” मसुदा परत करणाऱ्या त्याच बाईंनी उठून पहिली टाळी वाजवली. मागच्या रांगेत नवऱ्याला रुमाल सापडेना.

पुढच्याच महिन्यात रुग्णालयानं नव्या डॉक्टरांना पेशंटशी बोलायला शिकवण्याचं काम तिच्यावर सोपवलं. पहिल्या दिवशी सगळे मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. सिस्टरनं खडू उचलला.

“पुढं या सगळे,” ती म्हणाली. आणि सगळे निमूटपणे पुढं आले.