वाढत्या अंगाची जर्सी

आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचे कपडे बदलले ते माझ्यामुळे, आणि त्यापायी एका सज्जन माणसाचं नाव खराब झालं तेही माझ्यामुळेच. पहिली गोष्ट मी तेव्हा कॉलेजभर मिरवली. दुसरी सांगायला गेलो तर काय झालं ते पुढे येईलच.

कॉलेज म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, केळीच्या बागांना लागून बांधलेल्या दहा-बारा खोल्या आणि एक मैदान. साल ऐंशीच्या पुढचं, नव्वदच्या अलीकडचं. संघाचे कपडे शिवायचे मास्टर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं पायमशीन होतं आणि गावातल्या निम्म्या लोकांच्या पॅन्टी तिथूनच निघायच्या. आम्हाला ते निळ्या पॉपलीनची बिनबाह्यांची जर्सी आणि पांढऱ्या जाड ड्रिलच्या कापडाची चड्डी शिवायचे, पाठीवर लाल कापडाचा आकडा. मापाला गेलं की आधी कबड्डीच्या पवित्र्यात वाकायला लावत आणि मग टेप लावत. "उभा राहून खेळणार आहेस का?" असं विचारत.

त्यांच्या कपड्यांत एकच खोट होती. ते फाटत नसत. जिमखान्याच्या सरांचा नियम असा, की जुनं फाटल्याशिवाय नवं मिळणार नाही. मी सेकंड इयरला कॅप्टन झालो तेव्हा माझ्या वाट्याला आलेली चड्डी माझ्याआधी दोन कॅप्टनांनी झिजवली होती, म्हणजे झिजवायचा प्रयत्न केला होता. ड्रिल पिवळं पडलं, पण शिवण जशीच्या तशी.

त्या वर्षी शिरपूरला सामने होते. तिथे धुळ्याचा एक संघ नायलॉनच्या जर्स्या घालून उतरला. पिवळ्याधमक, खांद्यावर काळे पट्टे, आकडा छापलेला, कमरेला इलॅस्टिक. उन्हात नुसत्या चकाकत होत्या. आमचा चढाईबहाद्दर नरडाण्याजवळच्या एका खेड्यातला, हॉस्टेलवर राहायचा आणि अहिराणीशिवाय दुसरं बोलायचा नाही, 'आहे'ला 'शे' म्हणायचा. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "हाऊ शे संघ! आपलं तं बँडपथक शे, भो."

त्याचं हे वाक्य मला झोंबलं. परत आल्यावर मी सरांकडे गेलो. धुळ्यात खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे, त्यांचा माणूस पंजाबातून तयार कपडे मागवून देतो, वगैरे सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

"चड्डी फाटली का?"

"नाही, सर."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तयार करायचं मी ठरवलं.

जानेवारीत स्नेहसंमेलन. त्यात प्राचार्यांसमोर कबड्डीचा प्रदर्शनी सामना व्हायचा आणि सगळं गाव लोटायचं. आदल्या दिवशी दुपारी मी आणि तो नरडाण्याचा गडी जिमखान्याच्या खोलीत कडी लावून बसलो. हातात दाढीचं पातं. चड्डीची मागची शिवण आतून उसवायची, वर चार-पाच टाके तेवढे ठेवायचे, असा बेत. तीन चड्ड्या पुरे, असं आमचं ठरलं. मास्टर दुहेरी टीप घालायचे, त्यामुळे तीन चड्ड्यांना तास गेला. इतकं पक्कं शिवायची गरज काय होती, असं म्हणून मी त्यांच्यावर चिडतही होतो. माझी चड्डी अर्थातच शाबूत ठेवली. कॅप्टनची म्हणून काही प्रतिष्ठा असते. गड्याने एकच अट घातली होती, "मनी चड्डीले हात लावू नको." मी शपथ घेतली. तो पाणी प्यायला गेला तेव्हा तिसरी चड्डी म्हणून त्याचीच घेतली. त्याच्यासारखा वाकणारा संघात दुसरा कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी प्राचार्यांच्या पाया पडायची रीत होती. मी पडलो. मग तो वाकला आणि चर्रकन आवाज झाला. त्याच्या बरोबर मागे मुली बसल्या होत्या. बिचाऱ्याला उठताच येईना. तो दोन्ही हात मागे धरून वाकलेलाच राहिला आणि प्राचार्यांना वाटलं, काय ही श्रद्धा! ते पुन्हापुन्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवत राहिले. पुढे खेळात आणखी दोन फाटल्या. मैदान हसून हसून लोळलं. प्राचार्य लालबुंद झाले. नरडाण्याच्या गड्याने मला नंतर हॉस्टेलच्या मागे गाठलं आणि जे काय केलं ते मला मान्य होतं.

मास्टर दरवर्षी हा सामना बघायला यायचे. खेळ त्यांना फारसा कळत नसावा. ते मैदानाभोवतीच्या दोरीजवळ बसून आमच्या पाठी बघायचे, आपण शिवलेला आकडा सरळ बसलाय का ते. त्या दिवशी तिसरी चड्डी फाटली तेव्हा ते उठले, पायजम्याची माती झटकली आणि कोणाकडे न बघता निघून गेले. मी ते पाहिलं. तेव्हा मला हसूच येत होतं, हे कबूल करतो.

सरांनी त्या तिन्ही चड्ड्या शिपाई नानांच्या हाती मास्टरांकडे पाठवल्या. सोबत निरोप, "तुमची शिलाई बघून घ्या." आणि पुढच्या वर्षीचे कपडे धुळ्याच्या दुकानाकडे द्यायचं ठरलं. मी जिंकलो होतो.

दुकानाचा माणूस स्कूटरवरून आला. अंगाला टेप लावायची भानगडच नाही. त्याने प्रत्येकाला एक छापील कागद दिला. छाती, कंबर आणि उंची लिहून पाठवा, माल घरपोच. आम्हाला हे फारच आधुनिक वाटलं.

आता आमच्या घरांतली रीत अशी, की कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. लहानपणापासून आम्ही दुसरं ऐकलंच नव्हतं. एकेकाला मिसरूड फुटलं होतं, दोघांची लग्नं ठरली होती, तरी घरोघर कागद गेला आणि आयांनी सांगितलं, "दोन इंच जास्त लिही. अंग वाढतं." पोरांनी लिहिलं. बारा जणांचे कागद माझ्याकडे आले. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी प्रत्येकाला गुपचूप दोन इंच वाढवून दिले. नाना सुवाच्य अक्षरात यादी उतरवायला बसले. त्यांनी विचार केला, ही पोरं निघून जातील, पुढच्या वर्षी धिप्पाड आली तर? त्यांनी दोन इंच चढवले. शेवटी यादी सरांकडे गेली. कारखानेवाले कापडात मारतात असा सरांचा अनुभव. त्यांचेही दोन. प्रत्येकाला वाटत होतं, एवढी अक्कल आपल्यालाच आहे. मास्टरांच्या पुढ्यात हे कधी चाललं नसतं. कोणी काहीही सांगो, ते स्वतः टेप लावायचे आणि वाढीव कापड आत दुमडून ठेवायचे.

सामन्यांच्या तीन दिवस आधी एसटीच्या टपावरून खोका आला. आम्ही तो वाजतगाजत जिमखान्यात नेला, फोडला आणि जर्स्या अंगात घातल्या. माझी गुडघ्याला टेकली. बाहीच्या भोकातून बरगड्या मोजता येत होत्या. एका चड्डीत दोघे शिरले आणि मैदानाला फेरी मारून आले.

नरडाण्याच्या गड्याने आपली जर्सी दोन बोटांत धरून विचारलं, "हाई जर्सी शे का झबलं?"

मी म्हणालो, धुतल्यावर आटेल. म्हणून हॉस्टेलच्या आचाऱ्याला मस्का लावून आम्ही दोन जर्स्या डाळीच्या पातेल्यात उकळल्या. नायलॉन बोटभरही आटलं नाही. आकडे मात्र सुटले आणि एकाचा सात दुसऱ्याच्या चारला चिकटून बसला.

"आते काय करानं?" गड्याने विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, फक्त जायचं कोणी हा प्रश्न होता. कॅप्टन मी होतो.

खोका डोक्यावर घेऊन मी मास्टरांच्या दुकानात गेलो. त्यांनी एक जर्सी उलगडली, हात लांब करून धरली, आणि त्यांच्या मिशा जरा हलल्या.

"प्रत्येकाने किती वाढवले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते म्हणाले, "ठेव. उद्या सगळ्यांना वाकायला पाठव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाराही जणांना माप घेऊन परत धाडलं. नायलॉन मशीनवर घसरतं, म्हणून खाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवून टीप घालत होते आणि मग कागद फाडून काढत होते. मी शेजारी बसून पट्ट्या कापून देत होतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पॅन्ट न्यायला आलं. त्याने पॅन्ट उलटी केली, मागची शिवण दोन्ही मुठींत धरली आणि जोर लावून ओढून बघितली. मग म्हणाला, "ठीक आहे." त्याच्यानंतर आलेल्यानेही तेच केलं. दोघंही तिथली वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं.

मास्टर खाली बघून मशीन चालवत राहिले. मी हातातली पट्टी वाकडी कापली.

शेवटची चड्डी झाल्यावर त्यांनी मशीनच्या खणातून एक पिवळी पडलेली चड्डी काढली. सरांनी परत पाठवलेल्या तिन्हींतली ती मी लगेच ओळखली. त्यांनी फाटलेली शिवण माझ्यापुढे धरली. "बेटा, ताणून तुटलेला दोरा टोकाला पिंजतो. याची टोकं बघ, सपाट आहेत. पात्याने कापलंय."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"पहिल्याच दिवशी दिसलं मला."

"मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, शिंपी आपली चूक झाकतोय. ज्याने कापलं त्याने सांगायचं असतं." त्यांनी चड्डी माझ्या हातात दिली. आवाज चढला नव्हता. त्या गल्लीतून बाहेर पडताना मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तेवढी त्याआधी कधी वाटली नव्हती.

सामन्यांत आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. कपड्यांबद्दल कुठेच तक्रार करायला जागा नव्हती. परत आल्यावर मी ती चड्डी वर्तमानपत्रात गुंडाळून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. पातं, चार टाके, कडी. प्राचार्य चष्मा काढून ऐकत राहिले.

"म्हणजे त्या मास्टरांची शिलाई कच्ची नव्हती, असं तुझं म्हणणं?"

"नव्हती, सर. ही टोकं बघा."

"अरे, चड्डी कसली दाखवतोस, ठेव ती." ते उठून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गरीब शिंप्याचं काम गेलं म्हणून तू हा आळ स्वतःवर घेतोयस. मी माणसं ओळखतो. मोठं मन आहे तुझं."

मी शपथ घेतली. शपथेने त्यांची खात्री आणखीच पक्की झाली. नरडाण्याच्या गड्याला साक्षीला नेलं, तर त्याला म्हणाले, "मित्रासाठी तूही खोटं बोलतोस? शाब्बास!" आयुष्यभर मी थापा मारल्या आणि लोकांनी त्या गिळल्या. एकदा खरं बोललो, तर ते कोणाच्या घशाखाली उतरेना.

पुढच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी स्टेजवर माझं नाव पुकारलं. खिलाडूवृत्तीचं बक्षीस, स्टीलची मोठी परात. माइकवरून म्हणाले, "गेल्या वर्षी शिंप्याच्या कच्च्या शिलाईमुळे आपल्या कॉलेजची भर मैदानात फजिती झाली. पण या मुलाने तो दोषही स्वतःच्या माथी घ्यायची तयारी दाखवली." टाळ्या थांबेनात. गडी पुढच्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात वाजवत होता आणि ओरडत होता, "ले, भो, ले!" माझी नजर मैदानाच्या दोरीकडे गेली. मास्टर त्या वर्षी आले नव्हते. मी माइककडे पाहिलं, समोरच्या माणसांकडे पाहिलं, आणि परात घेऊन खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी गल्लीतून जाताना मास्टरांनीच हाक मारली. बक्षिसाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"सांगितलंस ना साहेबांना?"

"सांगितलं."

"आणि त्यांनी बक्षीस दिलं?"

"हो."

मास्टर हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग चष्मा लावला, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "माइकवर शिलाईचं काही बोलले का?"

"नाही," मी म्हणालो. "शिलाईचा विषयच निघाला नाही."